बिनदाराची बँक आणि अंजनीमावशी

अंबरनाथच्या बुवापाड्यात दोन खोल्यांच्या मधली भिंत म्हणजे पत्रा. शेजारी मिरची फोडणीला पडली की ठसका आपल्याला लागतो. भांडण ऐकायला कान लावावा लागत नाही, पत्रा आपणहून ऐकवतो. अंजनीने अशी आयती भांडणं जन्मभर ऐकली. काही विसरली, काही मुद्दाम विसरली. पण शंकरराव आणि भिमाबाईचं ते एक भांडण तिला शब्दाला शब्द पाठ राहिलं. दोन हजार दोन किंवा तीन साल असेल. पगाराची संध्याकाळ होती.

“पाकीट कुठाय?” भिमाबाईने विचारलं.

“पाकीट बंद झालं. आता पगार बँकेत जमा होणार.”

“मग स्टेशनजवळच्या बँकेत गेला असाल. पुस्तक दाखवा.”

“त्या नाही गं. नवी बँक आहे. कंपनीने सगळ्यांची खाती काढली तिथे. पुस्तकबिस्तक नसतं त्यांच्यात.”

“बरं. कुठेय ती?”

शंकरराव नुसते खोकले.

“अहो, मी विचारते ती बँक आहे कुठे? तिचं दार कुठल्या गल्लीत उघडतं?”

“दार नाही तिला.”

एवढ्यावर भिमाबाईचा आवाज जो चढला तो थेट मोरीपर्यंत. “दार नाही, खिडकी नाही, आणि माझ्या नवऱ्याचा पगार तिच्या पोटात! खरं सांगा, कोणी ठेवली तर नाही ना उल्हासनगरला? बँकेचं नाव पुढे करताय!”

“अगं, जरा हळू! हे बघ, कार्ड दिलंय. हे मशीनमध्ये घातलं की पैसे येतात.”

“हे? ह्याच्यापेक्षा रेशनकार्ड मोठं असतं!” आणि पत्र्यावर काहीतरी टपकन आपटलं.

इकडे अंजनी तोंडात पदर कोंबून हसत होती. हसता हसता थांबली. कारण तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, तसलंच एक कार्ड तसंच पडलं होतं. त्याच कंपनीत ती डब्यांना लेबलं लावायला होती. रंगाची कंपनी. कार्ड एका लिफाफ्यात आलं, आणि चार दिवसांनी दुसऱ्या लिफाफ्यात नुसता एक आकडा. तो आकडा कोणाला सांगायचा नाही, नवऱ्यालासुद्धा नाही, असं कंपनीच्या बाबूने बजावलं होतं. अंजनीचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, म्हणून तेवढी अट तिला सोपी गेली.

अंजनी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. आकडे येत, अक्षरं जुळवून जुळवून वाची, आणि सही म्हणजे नुसतं ‘अंजनी’, तेही दर वेळी वेगळं. ह्या सहीपायी स्टेशनजवळच्या जुन्या बँकेत तिची कायमची शोभा व्हायची. तिथे पितळी बिल्ला द्यायचे, बाकावर बसवायचे, मग नंबर पुकारायचे. खिडकीत जयदेव नावाचे कारकून होते. माणूस वाईट नव्हता, पण सही बघितली की चष्मा कपाळावर सारायचे.

“अंजनीबाई, हा ‘ज’ मागच्या महिन्यात जाड होता. आज वाळला कसा?”

“साहेब, मी वाळले तसा तोही वाळला.”

“सही जुळत नाही. परत करा. आणि ते अंगठेवाले तिकडे बाजूला उभे राहा, शाई सांडेल इथे!”

सगळी बँक वळून बघायची. पैसे स्वतःचे, घामाचे, आणि मागायला गेलं की चोरासारखं वाटायचं. वर अर्ध्या दिवसाचा खाडा. दोनला खिडकी बंद.

म्हणून अंजनीने पहिल्यांदा ते मशीन बघितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. उल्हासनगरला कापडबाजारात चंदर सेठचं दुकान होतं, त्याला लागून ती काचेची खोली. आत गारेगार. चंदर सेठ म्हातारा सिंधी, पडद्याचं कापड विकायचा, गल्ल्यापाशी पिवळा फोन ठेवलेला. त्याने बाहेरूनच सांगितलं, “कार्ड डालो साईं, डरो मत. ये मशीन उधार नहीं मांगता.”

अंजनीने कार्ड घातलं. मशीनने भाषा विचारली, आकडा विचारला, किती हवेत ते विचारलं. कोणी चष्मा वर सारला नाही. आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, “कोणी पाठवलं?” असं विचारलं नाही. पोटात जरा गुरगुरलं आणि कोऱ्या नोटा बाहेर. रविवार होता! अंजनी नोटा हातात धरून उभीच राहिली. सवयीने तिच्या तोंडून “येते हं” असं निघून गेलं, आणि काचेबाहेर चंदर सेठ पोट धरून हसला.

त्या दिवसापासून अंजनी मशीनच्या बाजूची झाली.

आळीतल्या बाकीच्यांना मात्र त्या खोलीत शिरायची भीती. कोणाला वाटे दार आपोआप लागलं तर आत कोंडून राहू. कोणाचा आकडा हरवला. शंकररावांना रंगाच्या वासाने दमा जडलेला, ते गार हवेत खोकायला लागत. एकेक करत सगळे अंजनीकडे आले. “मावशी, तू जातेसच, माझंपण घेऊन ये.” एक कार्ड, दोन, पाच, होता होता तिचं स्वतःचं धरून अकरा झाली. महिन्याच्या सुरुवातीला अंजनी शेअर रिक्षाने उल्हासनगरला जायची, अकरा वेळा मशीनची सेवा करायची, आणि दारोदार जाऊन ज्याचं त्याला द्यायची. रिक्षाभाडं सगळे मिळून देत. वर काही घ्यायची नाही. फार तर कोणाकडे चहा.

पण अकरा माणसांचे अकरा आकडे डोक्यात राहायचे कसे? अंजनीने त्याच्यावर तोड काढली. मशीनवर आकडा बदलता येतो हे चंदर सेठने दाखवलं होतं. तिने सगळ्यांना विचारलं, “जन्मात विसरणार नाही असा आकडा सांगा.” आणि सगळ्यांनी एकच सांगितला. एकोणीसशे छप्पन. बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली ते साल. आळीतलं पोरगं बोलायला लागतं तेव्हा त्याला आईच्या नावामागोमाग हे साल शिकवतात. अंजनीचे वडील तेव्हा चालत, ट्रकने, मिळेल तसे नागपूरला गेले होते आणि पायाला फोड घेऊन परत आले होते. ह्याहून पक्का आकडा कुठे मिळणार? तिने अकराच्या अकरा कार्डांवर तोच घातला. तिला वाटलं, झालं, काम सोपं झालं. कुलपं कितीही असोत, किल्ली एक.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग कंपनी बंद पडली.

सगळ्यांना हिशेब मिळाला, तोही त्याच बँकेत. शंकररावांच्या तीस वर्षांच्या नोकरीचे मिळाले. भिमाबाईने एकच धोसरा लावला: खोली घ्यायची. पत्र्याची नाही, विटांची. बदलापूरजवळ सोनिवलीला हरेश नावाचा शेतकऱ्याचा पोरगा आपल्याच जमिनीवर चाळवजा बिल्डिंग बांधत होता. दुसऱ्या मजल्यावरची पुढची खोली भिमाबाईने पसंत केली. गॅलरीतून डोंगर दिसायचा. ह्यांचा दमा तिथे बरा होईल असं तिने ठरवूनच टाकलं. विजयादशमीला नव्या घरात पंचशील म्हणायचं, बुवापाड्यातल्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं, सगळं ठरलं. पैसे थोडे थोडे करून द्यायचे, पण विजयादशमीच्या आधी पुरे करायचे.

आता त्या मशीनची एक खोड होती. एका दिवसात ते ठरावीकच पैसे देई, त्याच्यावर हात जोडले तरी नाही. म्हणून अंजनी शंकररावांचं कार्ड घेऊन रोज फेरी मारू लागली. रोज थोडे काढायचे, भिमाबाईच्या हातात द्यायचे, ती हरेशला नेऊन देई.

आणि एके दिवशी घात झाला. चंदर सेठच्या दुकानासमोर रिक्षातून उतरून अंजनीने कमरेला हात लावला, तर कापडी पिशवी नाही. शंकररावांचं एकच कार्ड न्यायचं सोडून तिने सवयीने अकराही त्याच पिशवीत ठेवलेली. रिक्षा तर केव्हाच गेली.

भर बाजारात ती खालीच बसली.

“क्या हुआ माई?” चंदर सेठ गादीवरून उठून आला.

“सेठ, सगळ्यांचे गेले. सगळ्यांचे!”

चंदर सेठने पाणी दिलं आणि पहिल्यांदा कामाचं बोलला. “रोना बाद में. पहले फोन करके कार्ड बंद कराओ. पण तू नहीं बंद करा सकती. जिसका खाता, उसका आवाज मांगता है.”

तासाभरात चंदर सेठच्या दुकानात बुवापाड्याची अर्धी आळी जमली. पडद्याचं कापड घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक गर्दी बघून परत गेलं. पिवळ्या फोनवर पहिले शंकरराव उभे राहिले. आधी गाणं वाजलं, मग एक दाबा, दोन दाबा झालं, आणि मग एक गोड आवाजाची पोरगी आली. चंदर सेठच्या फोनला बाहेर ऐकू येईल असं बटण होतं, ते त्याने दाबलं.

“सर, आपकी जन्मतिथि बताइए.”

“एक जून.”

“माताजी का शादी से पहले का नाम?”

शंकरराव गडबडले. आईचं लग्नाआधीचं नाव? लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, पुढे सगळे तिला शंकरची आई म्हणत. माहेरी तिला काय म्हणायचे हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं. “गेली हो ती,” एवढंच ते म्हणाले.

“सर, नाम बताइए, नहीं तो मैं मदद नहीं कर पाऊंगी.”

कोणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी सांगून टाकलं, “सखुबाई.”

पलीकडे टकटक झाली. “सर, यह मैच नहीं हो रहा.”

शंकररावांना बाजूला करून दुसरा आला. जन्मतारीख? एक जून. तिसरी आली. एक जून. चौथा, पाचवी, सगळे एक जून. आता आपल्याकडे हे कोणालाही सांगावं लागत नाही. आई पोराचं बोट धरून शाळेत जायची, मास्तर विचारायचे जन्म कधीचा, आई म्हणायची लई पाऊस होता तेव्हाचा, आणि मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. जी शाळेत गेली नाही तिला कंपनीच्या बाबूने एक जूनलाच जन्माला घातलं. पण त्या गोड आवाजाच्या पोरीला हे कोण सांगणार? पाचव्याला तिचा आवाज बदलला. “आप सब... एक ही नंबर से बोल रहे हैं?”

तेवढ्यात मागून भिमाबाईचा धीर सुटला. ती फोनवर ओणवी होऊन ओरडली, “अगं बाई, त्या आईच्या नावाचं सोड! नंबर बघ ना! एकोणीसशे छप्पन! आमच्या सगळ्यांचा एकच आहे!”

फोनमध्ये परत गाणं लागलं. बराच वेळ वाजलं. मग एक जाड आवाजाचा साहेब आला आणि म्हणाला, सुरक्षेच्या कारणाने ही सगळी खाती थांबवण्यात आली आहेत, घरी माणूस येऊन तपास करेल. फोन बंद.

“थांबवली म्हणजे?” भिमाबाईने विचारलं.

“मतलब कार्ड बंद झाली,” कोणीतरी म्हणालं.

“नहीं माई,” चंदर सेठ हळूच म्हणाला. “कार्ड नहीं. पैसा बंद.”

आणि संध्याकाळी काय झालं असेल? रिक्षावाला स्वतः बुवापाड्यात आला. सीटच्या फटीत पिशवी सापडली म्हणे. “मावशी, मोजून घ्या, मी उघडलीपण नाही.” अकराही कार्डं जागच्या जागी. अंजनीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि ओक्साबोक्शी रडली. सकाळी उठून ती पहिल्या रिक्षाने मशीनपाशी गेली. वाटलं, वस्तू मिळाली, आता भांडण कसलं? शंकररावांचं कार्ड घातलं, आकडा दाबला. मशीन गुरगुरलं, आणि कार्ड आतच राहिलं. गिळलं! अंजनी आ वासून बघत राहिली. तिने काचेवर चापट मारली. “अगं, मी आहे! अंजनी! रोज येते ना मी!”

मशीनने पुन्हा भाषा विचारली.

त्या दिवसापासून अंजनीचं जेवण तुटलं. आळीत कोणी तिला लागेल असं बोललं नाही, तेच जास्त लागायचं. भिमाबाई तेवढी पत्र्यापलीकडून बोलायची, “मी आधीच विचारलं होतं, दार कुठाय!” तिचं चूक नव्हतं. विजयादशमी तोंडावर आली होती आणि हरेशचे अर्धे बाकी होते.

अंजनीने बँक शोधायची ठरवली. लिफाफ्यावर पत्ता होता तो चंदर सेठकडून वाचून घेतला. नुसता टपालपेटीचा नंबर आणि मुंबईचा पिनकोड. पेटीपुढे जाऊन बसायचं का? शेवटी ती नको होतं तिथेच गेली. स्टेशनजवळच्या जुन्या बँकेत, जयदेवांच्या खिडकीपाशी.

जयदेवांनी सगळं ऐकलं. चष्मा कपाळावर गेला तो तिथेच राहिला. “अकरा जणांचा एकच नंबर? अंजनीबाई, हे तुम्ही मला सांगताय, का स्वप्नात बोलताय?”

“साहेब, शिव्या नंतर द्या. त्या बँकेत कोणाला भेटू ते सांगा.”

“कोणाला भेटणार? तिथे कोणी नसतं. इमारत नाही, शिपाई नाही, मी नाही. म्हणूनच तर त्यांना परवडतं. आम्ही पाचशे रुपये खात्यात ठेवायला लावतो, ते म्हणतात शून्य ठेवा. आम्ही दोनला खिडकी लावतो, त्यांची रात्रीसुद्धा चालू. पण त्यांच्याकडे तुम्ही म्हणजे एक तारीख, एक आकडा आणि आईचं नाव. तीन गोष्टी जुळल्या तर तुम्ही तुम्ही. नाही जुळल्या तर कोणीतरी चोर.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “आमच्याकडे असतात तर मी उठून सांगितलं असतं, हो, ही अंजनीच आहे, हिचा ‘ज’ असाच लुळा असतो.”

अंजनीला राग आला. “आणि इथे ओळखत होतात तर काय केलंत? अंगठेवाले बाजूला, शाई सांडेल! तुमच्या ओळखीला कंटाळूनच गेलो ना आम्ही तिकडे.”

मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. मग जयदेवांनी आपल्या हातानेच एक अर्ज लिहायला घेतला. सगळ्यांचे फोटो, रेशनकार्डं, कंपनीचे बिल्ले जोडा म्हणाले, तपासाचा माणूस आला की पुढे करा. लिहिताना एकदाच विचारलं, “शाई खरंच म्हणालो होतो मी?”

“दर महिन्याला.”

तपासाचा माणूस म्हणून एक पोरगी आली. प्रीती नाव, बेलवलीला राहणारी, गळ्यात ओळखपत्र, पाठीला मोठी बॅग. बँक कधी तिनेही डोळ्यांनी बघितली नव्हती, तिला काम दुसरीच एजन्सी देई. अंजनीच्या खोलीत सगळे दाटीवाटीने बसले. प्रीतीने कागद काढले आणि एकेकाचं तोंड आणि फोटो पडताळू लागली. थोड्या वेळाने ती थांबली, कागद चाळले, परत चाळले. तिचा चेहरा बघून अंजनी पुढे सरकली.

“काय गं बाई?”

“मावशी, तुम्ही सगळे... म्हणजे सॉरी हां, पण तुम्ही अकरा जण सख्खे भाऊबहीण आहात का?”

“छे! का?”

“अकराही फॉर्मवर आईचं माहेरचं नाव एकच लिहिलंय. सगुणा साळवे.”

सगुणा साळवे कोण, कोणालाच ठाऊक नव्हतं. मग शंकरराव खोकत खोकत म्हणाले, “कंपनीचा बाबू! फॉर्म त्यानेच भरले. आईचं नाव आम्हाला येईना, तर म्हणाला, मी बघतो. त्याने आपल्याच आईचं ठोकलं असणार!”

“म्हणजे माझा नवरा आणि ही अंजनी सख्खी भावंडं?” भिमाबाई कपाळावर हात मारून ओरडली. “आणि अकरा पोरं एकाच दिवशी झाली त्या बाईला? एक जूनला? मेली असेल बिचारी!”

हसू कोणाला आधी फुटलं कोण जाणे. पण प्रीती हसायला लागली तशी थांबेचना. डोळे पुसत म्हणाली, “माझ्या पप्पांचंपण एक जून आहे. आम्ही केक आणतो तर ते म्हणतात, खरा कधी आहे ते आजीलाच माहीत होतं.” मग एकदम गंभीर झाली. “कॉम्प्युटरला वाटलं एकच माणूस अकरा नावं लावून बसलाय. मी रिपोर्टमध्ये लिहिते, अकरा माणसं डोळ्यांनी बघितली. पण कागद मुंबईला जाणार, तिथून पुढे कुठे जाणार, मला माहीत नाही. वेळ लागेल.”

“विजयादशमीच्या आत होईल?” अंजनीने विचारलं.

प्रीती कागद बॅगेत भरू लागली. अंजनीला कळलं.

दुसऱ्या दिवशी अंजनी स्वतः सोनिवलीला गेली. हरेश वाळूच्या ढिगावर उभा राहून कामगारांवर खेकसत होता. अंजनीने जयदेवांच्या अर्जाची नक्कल, प्रीतीचा कागद, सगळं पुढे केलं. त्याने ते उलटसुलट केलं.

“मावशे, मी काय करू ह्याचं? कोणी पळून गेला तर मी त्याच्या दारात बसतो. तुमच्या बँकेला दारच नाही, बसू कुठं? पुढच्या खोलीला दुसरा गिऱ्हाईक रोख घेऊन उभा आहे.”

“तुझे अर्धे घेतलेस ना? मग शब्दाला काही किंमत?”

“शब्दाची किंमत केली म्हणून तर विजयादशमीपर्यंत थांबतो.”

तो थांबला, तेवढाच. विजयादशमी गेली. नव्या घरात पंचशील झालं नाही. बुवापाड्यातच पत्र्याच्या खोलीत मेणबत्त्या लावल्या, भिमाबाई तोंड फिरवून बसली. त्यानंतरच्या आठवड्यात शंकररावांच्या नावाने नवं कार्ड आलं, बाकीच्यांचीही आली, सगळ्यांची खाती सुटली, पण पुढची खोली गेली होती. हरेशने अर्ध्या पैशांचा मान ठेवला आणि तळमजल्यावरची मागची खोली दिली. गॅलरी नाही. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचा पाइप दिसतो. डोंगर बघायचा तर रस्त्यावर येऊन उभं राहावं लागतं. शंकररावांचा दमा मात्र खरंच कमी झाला, हे भिमाबाई कोणाजवळ कबूल करत नाही.

आणि आकड्यांचं? प्रीतीने बजावलं होतं, ज्याने त्याने स्वतः जायचं, स्वतःचा आकडा टाकायचा, मावशीलासुद्धा सांगायचा नाही. म्हणून अंजनी सगळ्यांना घेऊन उल्हासनगरला गेली. काचेच्या खोलीबाहेर पाठ करून, हातात सगळ्यांच्या पिशव्या धरून उभी राहिली. एकेक जण आत जायचा. भिमाबाई शंकररावांबरोबर आत गेली, बाहेर आली, आणि थेट अंजनीच्या कानाला लागली.

“नको गं, मला सांगू नको!” अंजनीने कानात बोटं घातली.

“मग विसरले तर कोणाला विचारू? ऐक.” आणि सांगूनच टाकला. तिच्यामागून एकेकाने तेच केलं. अंजनी “नको, नको” म्हणत राहिली, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्यात अकरा वेगवेगळे आकडे भरले. आधी एकच होता तेव्हा झोप लागायची. आता ती रात्री अंथरुणावर ते घोकत पडायची, आणि कोणाचा कोणता ह्यात गोंधळ झाला की उठून बसायची. तीन वेळा चुकला तर मशीन कार्ड गिळतं, ही धास्ती तिने जन्माची घेतली.

तरी पुढे चारेक वर्षं तिने फेऱ्या केल्या. मधल्या काळात अंबरनाथलाच दोन मशीनं झाली, पण ती जायची उल्हासनगरला, चंदर सेठच्या शेजारच्या मशीनकडे. दुसऱ्याची बटणं कुठे असतील कोण जाणे, म्हणायची. तेव्हा तिला साठी लागली होती. दोन हजार नऊच्या थंडीत एका रात्री ती झोपेतच गेली. सकाळी दार उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी पत्रा वाजवला, तेव्हा कळलं.

त्याच्या आदल्या दिवशी महिन्याची सुरुवात होती. ती सकाळीच निघाली. मशीनपाशी रांग होती, तिने पुढच्या माणसाला सांगितलं, “दादा, माझ्याकडे जास्त आहेत, तुम्ही व्हा पुढे,” आणि सगळे होऊन गेल्यावर आत शिरली. एक आकडा पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर आला. चंदर सेठच्या दुकानात पाणी प्याली. बुवापाड्यात ज्याचं त्याला दिलं. मग सोनिवलीला गेली, कारण शंकररावांचं कार्ड अजून तिच्याकडेच असायचं. भिमाबाईने नोटा घेतल्या आणि न मोजताच डब्यात टाकायला निघाली, तर अंजनीने तिचा हात धरून मोजायला लावल्या. भिमाबाई म्हणाली, चहात साखर कमी झाली का गं? अंजनी म्हणाली, तुझ्याकडे कधी जास्त होती? अर्धा कप प्याली, बशी विसळून पालथी घातली, शंकररावांना “औषध घ्या हो” म्हणाली, आणि अंधार पडायच्या आत बुवापाड्याची रिक्षा पकडायला गेली.